बारा फटी, एक चेंडू आणि वाटाण्याचं रोप: सिनेमाचा जन्म घरच्या घरी कसा करून बघावा

सिनेमाचा इतिहास वाचायला घेतला की तारखा भेटतात. २८ डिसेंबर १८९५, पॅरिस, ल्युमिएर बंधूंचा पहिला तिकीट लावलेला खेळ. ७ जुलै १८९६, मुंबई, वॉटसन हॉटेलात त्यांच्याच चित्रांचा खेळ, तिकीट एक रुपया. तारखा पाठ होतात, पण कागदावरची मुकी चित्रं हलायला लागतात ती नेमकी कशाने, हे काही केल्या कळत नाही. मला ते कळलं भाचीच्या सुट्टीत, जेवणाच्या टेबलावर काळ्या कार्डशीटचं नळकांडं बनवताना. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की सिनेमाचा जन्म हाताने करून बघायला हवा. त्याला कॅमेरासुद्धा लागत नाही, निदान सुरुवातीला तरी.

खाली तीन कामं दिली आहेत. पहिलं दहा मिनिटांचं, दुसरं एका दुपारचं आणि तिसरं तीन आठवड्यांचं. दुसऱ्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण खरी गोम तिथेच आहे.

पहिलं काम: पोपट पिंजऱ्यात घाला

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा प्रत्येक घरात असतो. त्यातून ७ सेंमी व्यासाची चकती कापा. एका बाजूला रिकामा पिंजरा काढा. दुसऱ्या बाजूला पोपट काढायचा, पण पिंजऱ्याच्या तुलनेत उलटा, म्हणजे डोकं खाली. डाव्या आणि उजव्या कडेला एकेक भोक पाडून त्यातून दोरे ओवा. आता दोन्ही दोरे बोटांच्या चिमटीत धरून पीळ द्या आणि ताणून सोडा. चकती गरगरते आणि पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. पोपट सरळ काढला असेल तर तो पिंजऱ्यात डोक्यावर उभा दिसेल. पहिल्यांदा बहुतेकांचं हेच होतं.

थॉमाट्रोप नावाचं हे खेळणं लंडनमध्ये १८२५ साली विकायला आलं. जॉन एर्टन पॅरिस या डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातून एवढंच सिद्ध होतं की दोन चित्रं भराभर आलटून पालटून दाखवली तर डोळा ती वेगळी ठेवू शकत नाही. शाळेत आपण याला दृष्टिसातत्य म्हणून शिकलो. पण नीट बघा, इथे चित्रं एकमेकांत मिसळली आहेत, हललेली नाहीत. पोपटाने पंख उचललेला नाही. मिसळणं आणि हलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंत जायला युरोपातल्या हुशार माणसांना आणखी सात-आठ वर्षं लागली.

दुसरं काम: झोट्रोप

बेल्जियमचे जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नाचे सायमन स्टाम्फर या दोघांनी १८३२-३३ च्या सुमारास, एकमेकांना न विचारता, तोच शोध लावला. चकतीच्या कडेने एकापुढच्या एक हालचालींची चित्रं काढायची, चित्रांच्या मध्ये बारीक फटी कापायच्या आणि आरशासमोर चकती फिरवून फटींमधून बघायचं. १८३४ साली ब्रिस्टलच्या विल्यम हॉर्नर यांनी चकतीचं नळकांडं केलं. त्यामुळे आरसा गेला आणि एका वेळी चार जणांना बघता येऊ लागलं. पुढे याच नळकांड्याला झोट्रोप हे नाव मिळालं. आपण तेच करणार आहोत.

साहित्य: पूर्ण आकाराची काळी कार्डशीट (२२ × २८ इंच), जाड पुठ्ठा, कटर, स्टीलची फूटपट्टी, फेव्हिकॉल, पांढरा कागद, काळं स्केचपेन, एक लांब खिळा, एक मोठा मणी आणि बूच किंवा लाकडाचा ठोकळा.

कार्डशीटमधून ६२ सेंमी लांब आणि ११ सेंमी रुंद पट्टी कापा. त्यातले शेवटचे २ सेंमी चिकटवण्यासाठी आहेत, म्हणून तिथे खूण करून ठेवा. उरलेल्या ६० सेंमीवर दर ५ सेंमीला एक उभी रेघ मारा. अशा बारा जागा होतील. प्रत्येक जागेच्या मधोमध, वरच्या कडेपासून १ सेंमी सोडून, ४ सेंमी उंच आणि ३ मिमी रुंद फट कापा. वरचा १ सेंमी सोडायचा तो मजबुतीसाठी. फटी वरून उघड्या ठेवल्या तर कार्डशीट दोन दिवसांत वाकडी होते.

फट कापण्यात घाई करू नका. फूटपट्टी दाबून धरा आणि कटर दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवा. लहान मुलं सोबत असतील तर हे काम मोठ्यांनी करावं. मुलांना चित्रं काढू द्यावीत, तेच काम जास्त मोलाचं आहे.

जाड पुठ्ठ्याचा साडेनऊ सेंमी त्रिज्येचा गोल कापा. हा तळ. पट्टी गोल वळवून टोकं चिकटवा आणि आतून कागदाच्या लहान चिकटपट्ट्या लावून तळाला जोडा. तळाच्या बरोबर मध्यावर भोक पाडा, खिळा वरून घाला, खाली मणी ओवा आणि खिळा बुचात रोवा. मणी विसरू नका. तो नसेल तर पुठ्ठा बुचाला घासतो, नळकांडं अडखळत फिरतं आणि आपल्याला वाटतं चित्रंच चुकली. घरात जुना फिजेट स्पिनर पडून असेल तर तो तळाखाली चिकटवा, मण्यापेक्षा छान फिरतो.

आता चेंडू. पांढऱ्या कागदाची ६० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद पट्टी करा आणि तिचे ५ सेंमीचे बारा चौकोन पाडा. ही पट्टी नळकांड्याच्या आत, फटींच्या खाली बसणार आहे. आतला घेर कार्डशीटच्या जाडीमुळे जरा कमी भरतो, म्हणून चित्रं काढण्याआधीच पट्टी आत घालून बघा आणि जास्तीचे दोन-तीन मिमी कापून टाका.

प्रत्येक चौकोनात तळापासून २ मिमीवर जमिनीची रेघ मारा. चेंडूचा खालचा भाग जमिनीपासून किती उंच असावा, ते बारा चित्रांसाठी मिमीमध्ये असं:

३६, ३५, ३२, २७, २०, ११, ०, ११, २०, २७, ३२, ३५.

या आकड्यांकडे थोडा वेळ बघा. पडताना चेंडू प्रत्येक चित्रात किती खाली येतो? १, ३, ५, ७, ९, ११. विषम संख्या, ओळीने. पडणारी वस्तू समान वेळेत अशीच वाढत्या विषम पावलांनी खाली येते, हे गॅलिलिओने सतराव्या शतकात दाखवलं होतं. तुम्ही चेंडू समान अंतरांवर काढून बघा, तो लिफ्टसारखा वरखाली होईल. या आकड्यांवर काढा, त्याला वजन येतं. जमिनीवर आपटून उसळतानाचा तो झटका आणि वर पोचल्यावरचा क्षणभराचा थांबा, दोन्ही दिसतात. माझ्या भाचीने पहिली पट्टी समान अंतरांवर केली होती. दुसरी पट्टी फिरल्यावर ती नुसती ओरडली, ‘हा खरा आहे!’

आणखी एक गोष्ट चित्र काढतानाच सांभाळायची. फट एका दिशेला जाते आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र उलट दिशेला. त्यामुळे बघताना आकृती आडवी आक्रसते, वीतभर अंतरावरून साधारण दोन-तृतीयांश होते. म्हणून चेंडू १० मिमी उंच पण १५ मिमी रुंद काढा, लांबट अंड्यासारखा. फिरताना तो गोल दिसेल. धावत्या घोड्यांची छायाचित्रं काढणारे एडवर्ड मायब्रिज यांनी पडद्यावर चित्रं टाकणारं आपलं झूप्रॅक्सिस्कोप हे यंत्र बनवलं, तेव्हा त्यांच्या घोड्यांचंही हेच होत होतं. म्हणून त्या यंत्राच्या काचेच्या चकत्यांवर घोडे मुद्दाम लांबट रंगवून घेतलेले होते.

पट्टी आत लावा. टेबल लॅम्प नळकांड्याच्या वर धरा, म्हणजे आतला पांढरा कागद उजळेल आणि बाहेरची काळी बाजू अंधारात राहील. सेकंदाला एक फेरी होईल इतपत वेगाने नळकांडं फिरवा.

आधी वरून, काठाच्या पलीकडे बघा. नुसता करडा पट्टा दिसेल. चेंडू नाही, जमीन नाही, काही नाही.

आता डोळे फटींच्या उंचीवर आणा आणि पलीकडची भिंत बघा. चेंडू उसळतोय. सेकंदाला एक फेरी म्हणजे पडायला अर्धा सेकंद, आणि अर्ध्या सेकंदात खरा चेंडू साधारण सव्वा मीटर पडतो. म्हणून तो छातीच्या उंचीवरून सोडल्यासारखा वाटतो.

दोन्ही वेळा चित्रं तीच, वेग तोच आणि डोळाही तोच. मध्ये आली ती फक्त काळी कार्डशीट. फटींमधला काळा भाग चित्र झाकतो, आणि ते झाकलेलं असतानाच पुढचं चित्र जागेवर येतं. सरकणारं चित्र डोळ्याला दिसतच नाही, दिसतं ते फक्त क्षणभर उभं असलेलं. या उभ्या चित्रांमधली हालचाल मेंदू स्वतः भरतो. ती कागदावर कुठेच नाही. दृष्टिसातत्याचं शाळेतलं स्पष्टीकरण मला म्हणूनच अपुरं वाटतं. चित्र डोळ्यात नुसतं रेंगाळत असतं तर वरून बघतानाही चेंडू दिसायला हवा होता, पण तेव्हा सगळी चित्रं मिळून चिखल झाला. मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रयोग करून दाखवलं की एकाआड एक चमकणाऱ्या दोन स्थिर खुणांमध्येसुद्धा माणसाला हालचाल दिसते. ते वर्ष लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

फिल्मवरच्या सिनेमातून ही फट कधीच गेली नाही. ल्युमिएरांच्या सिनेमॅटोग्राफमध्ये सेकंदाला साधारण १६ वेळा हेच घडायचं. झडप बंद, आकडा फिल्मच्या भोकात शिरून तिला एक चित्र खाली ओढणार, फिल्म थांबणार, झडप उघडणार. थांबत थांबत ओढण्याची कल्पना शिवणयंत्रावरून सुचली. ज्याने घरी शिवणयंत्राखाली कापड पुढे सरकताना बघितलंय, त्याला हे लगेच पटेल: सुई कापडात असताना कापड थांबतं, वर गेली की सरकतं.

फटीची रुंदीही बदलून बघा. २ मिमी केली तर चित्र धारदार दिसतं, पण अंधुक. ५ मिमी केली तर उजेड भरपूर, पण कडा पुसट. मध्यममार्ग ३ मिमीचा. पहिल्या प्रयत्नात मी फटी ६ मिमीच्या कापल्या होत्या आणि आतली बाजूही पांढरीच ठेवली होती. दोन तास घालवून हाती आलं ते धुकं. तुमचंही असं झालं तर चित्रांना दोष देऊ नका, आधी फटी तपासा.

घोडा पळवायचा असेल तर

चेंडू जमला की मायब्रिज यांचा घोडा आत घाला. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे, लेलंड स्टॅनफर्ड यांच्या घोडेफार्मवर, त्यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडले. समोरून सॅली गार्डनर ही घोडी चौखूर धावत गेली आणि वाटेतल्या दोऱ्यांनी एकेक कॅमेरा उघडला. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात का, हा वाद होता. छायाचित्रांत ते सुटलेले दिसले. गंमत अशी की तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या रंगवत आले तसे पुढे-मागे फाकलेले नसतात.

ही छायाचित्रं आता सगळ्यांसाठी खुली आहेत, इंटरनेटवर सहज सापडतात. छापताना दोन गोष्टी करा. पहिली, रुंदी दीडपट ताणा, कारण वर सांगितलंच. दुसरी, बारावं चित्र काढून टाका. त्यात घोडी धावून झाल्यावर उभी आहे, ते ठेवलं तर प्रत्येक फेरीत ती ठेचकाळते. उरलेली अकरा चित्रं ६० सेंमीत समान बसवा, म्हणजे प्रत्येकी साडेपाच सेंमीला किंचित कमी. फटी बारा आणि चित्रं अकरा झाल्यामुळे घोडी जागच्या जागी न धावता नळकांड्याच्या भिंतीवरून हळूहळू सरकू लागते. हा दोष नाही, हीच मजा आहे.

नळकांडं कोणत्या दिशेने फिरवायचं, हे चेंडूच्या वेळी महत्त्वाचं नव्हतं, कारण त्याचं चढणं आणि पडणं सारखंच. इथे आहे. चित्रं डावीकडून उजवीकडे क्रमाने लावली असतील तर वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. नाहीतर घोडी मागे धावेल.

इथून पुढे कॅमेरे बाराचे एक कसे झाले, ती गोष्ट मोठी आहे. फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, तो सेकंदाला बारा चित्रं टिपायचा आणि तो घेऊन ते उडत्या पक्ष्यांवर नेम धरायचे. लुई ले प्रिन्स यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळच्या एका बागेत फिरणारी माणसं एकाच भिंगातून टिपली. ते दृश्य जेमतेम दोन सेकंदांचं आहे. एडिसनच्या कारखान्यात डिक्सन यांनी १८९४ च्या जानेवारीत एका सहकाऱ्याची शिंक टिपली. सगळे प्रयोग इतके लहान, इतके साधे: बाग, शिंक, पक्षी. आपल्याकडेही कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली, आणि सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं.

तिसरं काम: फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके म्हटलं की ३ मे १९१३ आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एवढंच आठवतं. मला त्याआधीचं एक चित्रण जास्त जवळचं वाटतं. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल घालायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं उगवणं दिवसामागून दिवस थोडं थोडं करून महिनाभराहून जास्त काळ चित्रित केलं. कोंबातून रोप डोळ्यांदेखत उभं राहताना बघून पैसे लावणारी माणसं मिळाली. वर्टहायमरचा प्रयोग प्रसिद्ध झाला ते वर्ष हेच. फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम अंधारात करावं लागे, ते सरस्वतीबाई फाळके शिकल्या. भारतीय सिनेमाच्या पायाशी देव-राजे येण्याआधी वाटाणा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तोच प्रयोग मोबाइलवर करा. हंगाम थंडीचा धरा, दिवाळीनंतर. उन्हाळ्यात वाटाणा रुसतो, तेव्हा चवळी किंवा मूग घ्या. वाण्याकडून अख्खा सुका वाटाणा आणा, डाळ चालत नाही. रात्रभर भिजवा आणि कुंडीत दोन-तीन सेंमी खोल पाच-सहा दाणे पेरा. दुकानातला दाणा जुना असतो, सगळे उगवतीलच असं नाही. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका, नाहीतर दाणे कुजतात.

कुंडी खिडकीत ठेवू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. ऊन तासातासाला बदलतं आणि चित्रण लुकलुकतं. खोलीचा एक कोपरा निवडा, मागे काळा कागद लावा आणि फोटोपुरता नेहमी तोच दिवा तिथूनच लावा. रोपाला लागणारा उजेड बाकीच्या वेळात द्या, पण कुंडीभोवती जमिनीवर खडूने गोल काढून ठेवा आणि कुंडीवर एक खूण करा, म्हणजे उचलली तरी परत त्याच जागी, त्याच तोंडाने ठेवता येईल. मोबाइलसाठी पुस्तकांची चळत करा आणि तीही मोडू नका. कॅमेऱ्यात फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की ते होतं.

आता किती फोटो? दिवसाला एक काढला तर महिन्याचे तीस, आणि सेकंदाला बारा या हिशेबाने ते अडीच सेकंदांत संपतात. दिवसाला चार काढा, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र. वीस दिवसांचे ऐंशी होतात, म्हणजे साडेसहा सेकंद. कोंब माती फोडतो ते दोन दिवस मात्र जास्त काढा, दर तासाला जमलं तर दर तासाला. तिथे कोंब आधी वाकलेला बाहेर येतो आणि मग मान सरळ करतो. ते चुकलं की चुकलं.

रोप वीतभर झालं की बारीक तणावे फुटतात. आधार शोधत ते हवेत गोल फिरतात, एक फेरी दोनेक तासांत पुरी होते. दिवसाला चार फोटोंत ते नुसते इकडून तिकडे उड्या मारताना दिसतील. त्यांच्यासाठी एक सुट्टीचा दिवस काढून दर पाच मिनिटांनी फोटो घ्या आणि शेजारी एक काडी रोवून ठेवा. तणाव्याने काडी पकडली तो क्षण तुमच्या फोटोंत सापडला तर तो जपून ठेवा.

फोटो जोडायला कोणतंही साधं व्हिडिओ अ‍ॅप चालेल, सेकंदाला बारा चित्रं ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. ऐंशीतले बारा फोटो निवडा, माती कोरी असलेल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, वाढीचे टप्पे सारखे पडतील असे. रुंदी दीडपट ताणून छापा, ६० सेंमीच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे चिकटवा आणि चेंडूची पट्टी काढून ही आत घाला. दिवा वर धरा, नळकांडं घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि डोळा फटीशी आणा. वीस दिवसांचं रोप एका सेकंदात उभं राहील, नाहीसं होईल आणि पुन्हा उगवेल.